संगणकाचे नियम : आधी मोठ्यांचे, मग पोरांचे



आपल्या या पत्रिकेत उसाच्या लागणीपासून ऊसबिलाच्या हप्त्यापर्यंत सर्व विषय येतात. या खेपेस आम्ही थोड्या वेगळ्या विषयाला हात घालीत आहोत. शाळकरी पोरांनी संगणक, मोबाइल आणि इंटरनेट कसे वापरावे, त्याचे नियम कोणते आणि ते कोणी करावेत, हा तो विषय. ‘हे मुंबई-पुण्याकडचं खूळ, आपला त्याच्याशी काय संबंध?’ असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या उंबऱ्याच्या आत आहे.

२०२१ पासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवरून करावी लागते. ही नोंद करायला बांधावर मोबाइल धरून कोण उभा असतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. अनेक घरांत तो आठवी-नववीतला नातू असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज तोच भरतो, विजेचे बिल तोच भरतो, बँकेचा संदेश आला की आजी त्यालाच हाक मारते. म्हणजे घरचा निम्मा कारभार ज्या पोराच्या बोटावर चालला आहे, त्या पोराला त्या यंत्राचे नियम कोणी सांगितले?

कारखान्यात मिलच्या रोलरपाशी नवख्या माणसाला आपण एकटे उभे करीत नाही. जुना कामगार आधी त्याला धोका कुठे आहे ते दाखवतो. बॉयलर सांभाळायला तर प्रमाणपत्र लागते. आणि इंटरनेट मात्र आपण पोराच्या हाती देतो आणि म्हणतो, ‘याला सगळं येतं हो!’ येते ते बटण दाबणे. काय दाबू नये आणि का, हे आपोआप येत नाही.

मुलुंडची नियमपत्रिका

आपल्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव नोकरीनिमित्त मुलुंडला, पूर्वेकडे राहतात. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मुलुंड हे ठाण्याच्या अलीकडचे मुंबईचे शेवटचे उपनगर. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला मिठागरे. आपल्या भागातून गेलेली काही मंडळी मुलुंड-भांडुपकडे स्थिरावली आहेत. या गृहस्थांची मुलगी आठवीत आहे. शाळा सुरू होताना पालकसभेत त्यांच्या हाती दोन पानांची छापील नियमपत्रिका आली. खाली पालकांची सही, शेजारी विद्यार्थिनीची सही. दिवाळीच्या सुटीत मंडळी गावी आली तेव्हा ती पत्रिका त्यांनी आम्हांस वाचावयास दिली.

नियम चांगले होते. संगणक कक्षात खाऊ-पाणी नेऊ नये. शिक्षकांना विचारल्याशिवाय पेन ड्राइव्ह लावू नये. दुसऱ्याच्या नावाने संगणक उघडू नये. अयोग्य मजकूर पाहू नये. मोबाइल वर्गात आणू नये. नियम मोडल्यास संगणक वापरण्याची परवानगी काढून घेण्यात येईल, पालकांना बोलावण्यात येईल. बहुतेक नियमांचा शेवट ‘नये’ने होत होता.

आम्ही वाचून पत्रिका परत दिली आणि मुलीला विचारले, ‘काय गं, पाळतेस ना सगळं?’ ती म्हणाली, ‘पाळते, आजोबा. पण चुकून काही उघडलं गेलं, नाही तर कुणी मला काही घाणेरडं पाठवलं, तर मी कुणाला सांगायचं? ते यात कुठं लिहिलंय?’

आम्ही पत्रिका पुन्हा चाळली. तसे कुठेच लिहिलेले नव्हते. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

यंत्र कशासाठी, ते आधी

नियमाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट. यंत्र कशासाठी आणले, हे ठरलेले नसेल तर नियमांना अर्थ राहत नाही.

आपल्या देशात शाळांमध्ये संगणक नेण्याची सरकारी योजना १९८४ साली सुरू झाली. ‘क्लास’ हे तिचे नाव. सुरुवातीला सुमारे २५० शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे संगणक मिळाले. त्या वेळी इंटरनेट नव्हते, म्हणून धोका एवढाच, की यंत्र बिघडेल. कित्येक शाळांत संगणकावर कापड आणि खोलीला कुलूप, हाच काय तो नियम! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि खोलीतल्या यंत्राला साऱ्या जगाचे दार फुटले. कुलपाचे दिवस तिथेच संपले.

आपल्या साखर कारखानदारीनेही संगणक उशिरा पाहिला, असे समजू नये. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी समूहाने कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी संगणकाचा मोठा प्रकल्प उभा केला. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने, ४० टक्के राज्य सरकारने आणि १० टक्के वारणेने उचलला. जगभराचे ज्ञान गावात येईल, अशी उमेद होती. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिले तेव्हा हे संगणक मुख्यतः उसाचे वजन, खताची चौकशी अशा साध्या कामांसाठी वापरात होते. त्यांनी सात गावांत तेच काम मोबाइलच्या संदेशावर करून दाखविले. वारणेने धाडस केले, त्याचे मोल कमी नाही. पण त्यातून शिकावयाचे हे, की यंत्र आणणे एक आणि त्याचा उपयोग ठरविणे दुसरे.

मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. हेतू स्पष्ट होता : पाठीवरच्या दप्तराचे ओझे कमी व्हावे, अभ्यासक्रम त्या पाटीत मावावा. हेतू असा नेमका असला की नियमही नेमका होतो : ‘हे पुस्तक आहे, पुस्तकासारखे वापरा.’ पण २०१८ साली आठवीची पुस्तके बदलली. पुस्तक बदलले की टॅबमधला धडाही बदलावा लागतो. म्हणजे यंत्र वाटून काम संपत नाही, नियम करूनही संपत नाही. दोन्हींची देखभाल लागते, पाटाच्या चारीसारखी.

आठ नियम, कारणांसह

मुलुंडची पत्रिका, सरकारी सूचना आणि आमची अल्पबुद्धी यांतून आम्ही आठ नियम काढले आहेत. प्रत्येकाचे कारण सोबत दिले आहे. कारण न सांगितलेला नियम पोरं मास्तरांची पाठ वळेपर्यंतच पाळतात.

१. पासवर्ड म्हणजे आपला अंगठा. मुलं जिवलग मित्राला पासवर्ड देतात. त्यांना ती मैत्रीची खूण वाटते. पण आपण कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून मित्राला देतो काय? उद्या त्या नावावरून कोणी काही लिहिले, तर जबाबदारी नाववाल्यावर येते. लहान मुलाचा पासवर्ड आई-वडिलांना ठाऊक असावा, दुसऱ्या कोणालाही नाही.

२. घरची माहिती बाहेर नाही. पूर्ण नाव, शाळा, घराचा पत्ता, येण्या-जाण्याची वेळ, आईचा फोन नंबर, बँकेचा ओटीपी, यांतले काहीही अनोळखी माणसाला देऊ नये. समोरचा ‘मी पण आठवीतच आहे’ म्हणत असेल. तो चाळीस वर्षांचा बाप्याही असू शकतो.

३. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्यावाचून काढू नये, पुढे पाठवू नये. मास्तरांचाही नाही. आता एका फोटोवरून खोटा फोटो आणि खोटा आवाज तयार करता येतो. गंमत म्हणून पाठविलेला फोटो परत घेता येत नाही. तो कुठवर गेला, याचा पत्ताही लागत नाही.

४. पडदा उघड्यावर असावा. १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला झोपडवस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसविला. तिथे शिक्षक नव्हता. पोरं एकमेकांचे बघून शिकली. या प्रयोगावर वाद पुष्कळ झाले, पण आपल्या उपयोगाची गोष्ट साधी आहे : पडदा उघड्यावर होता, जाणारा-येणारा पाहत होता, आणि पोरं घोळक्याने बसत होती. शाळेत संगणकांची तोंडे शिक्षकांना दिसतील अशी ठेवावीत. घरी मोबाइल माजघरात चालावा, पांघरुणाखाली नाही.

५. दुसऱ्याच्या उसावर आपली चिठ्ठी लावू नये. इंटरनेटवरचा निबंध उतरवून आपला म्हणून देणे, हा तोच प्रकार. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र विचारताक्षणी निबंध लिहून देते. त्याच्याकडून समजून घ्यावे, शंका विचाराव्यात. पण लिहावे आपण, आणि मदत घेतली असेल तर तसे वहीत नमूद करावे. शिवाय ते यंत्र ठामपणे चुकीचेही सांगते. म्हणून कोणतीही माहिती दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहावी. काट्यावरचे वजन आपण डोळे झाकून मान्य करतो का?

६. तोंडावर बोलणार नाही ते लिहू नये. वर्गाचा मोबाइलवरचा गट असतो. त्यात एखाद्या पोराला टोपणनावाने रोज छळले जाते आणि बाकीचे हसतात. शाळा सुटली की पूर्वी छळही सुटत असे. आता तो पोराबरोबर घरी येतो, रात्री उशाशी असतो. हसणाऱ्यांनी हसणे थांबविले, तर छळणाऱ्याचे निम्मे बळ जाते.

७. वेळेचे माप असावे. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोन तास आणि नववी ते बारावीसाठी चार तास, एवढीच मर्यादा सुचविली होती. इथे ‘तास’ म्हणजे शाळेचा तास, घड्याळाचा नव्हे. शाळा बंद असतानाचे हे माप होते. मग आता शाळा भरत असताना संध्याकाळी किती, याचा हिशेब घरोघर करावा.

८. वयाची अट पाळावी. फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्याच नियमांत किमान १३ वर्षांची अट आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना अशा समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे मात्र पाचवीतल्या पोराचे खाते जन्मसाल खोटे घालून कधी कधी बापच उघडून देतो! खोट्याने सुरू झालेल्या गोष्टीत पोराला पुढे खरे वागायला कोणत्या तोंडाने सांगणार?

नववा नियम : सांगणाऱ्याला शिक्षा नाही

वरचे आठ नियम पोरांचे. नववा मोठ्यांचा, आणि आमच्या मते तोच पहिला.

नियम कितीही केले तरी एखादे दिवशी काही तरी होणारच. चुकीची खिडकी उघडेल, कोणी अभद्र चित्र पाठवील, कोणी ‘तुझा फोटो सगळ्यांना दाखवीन’ म्हणून धमकावील. अशा वेळी पोर घरात सांगते की गप्प बसते, यावर सारे अवलंबून आहे.

आणि सांगितल्यावर आपण काय करतो? मुलाच्या पाठीत धपाटा. मुलीच्या बाबतीत तर त्याहून वाईट. ‘तूच काही तरी केलं असशील’ हे पहिले वाक्य, मोबाइल काढून घेणे हे दुसरे पाऊल, आणि काही घरांत शाळा बंद करून स्थळे पाहावयास लागणे हे तिसरे. अपराध कोणाचा, आणि शाळा सुटते कोणाची! हे पोरींना पक्के ठाऊक असते. म्हणून त्या सांगत नाहीत. धमकावणाऱ्याचे सारे बळ त्या न सांगण्यात आहे. ‘तुझ्या बापाला सांगेन’ ही त्याची धमकी आपणच खरी करून ठेवली आहे.

सबब शाळेच्या नियमपत्रिकेत हे ठळक अक्षरांत यावे : ‘काही गैर घडल्यास विद्यार्थ्याने अमुक शिक्षकांस किंवा अमुक बाईंस सांगावे. सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही, त्याचे शिकणे थांबणार नाही.’ पालकांनीही हेच घरी आपल्या तोंडाने, पोरांच्या देखत म्हणावे. लिहिलेल्यापेक्षा बापाने बोललेले पोरांना जास्त पटते.

नुसत्या जप्तीने काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. केरळात एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल जमा करावा, असा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले. ती केरळ उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्यावे. शाळकरी मुलांची गोष्ट वेगळी, शिस्त लावण्याचा शाळेचा अधिकारही आहेच. पण शिस्तीने शिक्षणाचेच दार बंद होऊ नये, हे तत्त्व लहानथोर सर्वांना लागू पडते.

कायद्याची चार वाक्ये

‘पोरांचा खेळ, त्यात कसला कायदा?’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ६६-क प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. संमतीवाचून कोणाचा खाजगी अवयवांचा फोटो काढणे वा पसरविणे यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बालकांचे अश्लील चित्रण बाळगणे, पाठविणे हा तर याहून गंभीर गुन्हा. आरोपी अठरा वर्षांखालील असला तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण जाते.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी कंपनीने पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

मात्र प्रत्येक चुकीला पोलीस, हाही मार्ग नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. एकीने लिहिले, दुसरीने ते ‘लाइक’ केले, एवढेच. देशभर टीका झाली, पुढे प्रकरण मिटले, आणि त्या अटकेला आधार झालेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. यातून मुलांनी लिहिण्याआधी विचार करावा, आणि मोठ्यांनी चूक कोणती व गुन्हा कोणता हे ओळखावे. चूक शाळेत मिटवावी, गुन्हा लपवू नये.

दोन आकडे मात्र दारामागे लिहून ठेवा. पैशाची फसवणूक झाली तर १९३०, आणि ते तासाभरात झाले तर उत्तम. पैसे पुढे सरकण्याआधी अडविता येण्याची शक्यता तेवढी जास्त. मूल संकटात असेल तर १०९८.

वडगावचा भोंगा

आता आपल्याच उसाच्या पट्ट्यातले उदाहरण. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे तीनएक हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीनंतर पोरांच्या हातचा मोबाइल सुटेना, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गावसभेत ठराव झाला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार, घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला लोक हसले. मग ग्रामपंचायतीची माणसे आणि गावकरी घरोघर फिरून सांगू लागले, आणि हळूहळू अंगवळणी पडले.

यातले मर्म ध्यानात घ्या. नियम मुलांसाठी, पण बंद कोणी करावयाचे? सर्वांनी! आईची मालिका बंद, बापाचा मोबाइल बंद. म्हणूनच तो पोरांना पटला. बापाने जेवताना रील बघत राहायचे आणि पोराला ‘मोबाइल ठेव’ म्हणून दरडावायचे, हा नियम कोणत्याही घरात टिकत नाही. पाणीपाळीचे तेच नाही काय? संचालकाच्या उसाला पाळी सोडून पाणी गेले, की बाकीच्यांनी पाळी का पाळावी?

आपण काय करावे

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे हा अधिकार आपल्याच हाती आहे, फक्त आपण सभेला जात नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यास मुख्याध्यापकांना सांगावे. मसुदा आधी मुलांकडून मागवावा. आम्हांस खात्री आहे, पोरं आपल्यापेक्षा कडक नियम सुचवतील, कारण धोका कुठे आहे ते त्यांनाच माहीत असते. मुली आणि बाई यांची बैठक वेगळी घ्यावी. जे भर सभेत कोणी बोलणार नाही, ते तिथे निघेल. मग दहाच्या आत नियम, प्रत्येकाला कारण, आणि कोणाला सांगावे त्या शिक्षकांचे नाव, एवढे एका पानावर छापावे. वर्षातून एकदा ते पान पुन्हा सभेपुढे ठेवावे.

सहकारात आपण एवढे तरी शिकलो आहोत, की वरून आलेला हुकूम लोक टाळतात आणि स्वतः हात वर करून केलेला ठराव पाळतात. पोरांनाही हेच लागू आहे.

ज्या गावच्या शाळेत असा ठराव होईल, त्यांनी त्याची प्रत गट कार्यालयात पोहोचती करावी; आम्ही ती या पत्रिकेत छापू, म्हणजे शेजारच्या गावालाही वाट मिळेल. आणि त्या पानावर सह्या घेताना पहिली सही पोराची नको. ती आपली, आई-वडिलांची असू द्या, नववा नियम वाचून केलेली.